पर्यावरणाचे प्रश्न सोडवायला शिकवणे : एक आढावा

पर्यावरण हा विषय भारतातील शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा होऊन बरीच वर्षे लोटली आहेत. हरितगृह परिणाम, अन्नसाखळी, जैवविविधता यांच्या व्याख्या विद्यार्थ्यांना पाठ असतात, जून-जुलैमध्ये वृक्षारोपण होते, प्लास्टिक न वापरण्याच्या शपथा घेतल्या जातात आणि घोषवाक्यांच्या स्पर्धाही भरतात. मात्र आपल्या गावाला एप्रिल उजाडताच टँकर का लागतो, किंवा आपल्या प्रभागातील ओला कचरा अखेर कुठे जातो, असे विचारल्यास याच विद्यार्थ्यांचे उत्तर पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे सहसा जात नाही. प्रश्नाची माहिती असणे आणि प्रश्न सोडवता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत आणि पहिली दिली की दुसरी आपोआप येते, हे गृहीतक गेल्या अर्धशतकातील अनुभवाने व संशोधनाने खोटे ठरवले आहे. ही दुसरी क्षमता शिकवता येते का, येत असल्यास कोणत्या मार्गांनी, आणि आपल्या शिक्षणव्यवस्थेत ती कुठे अडते, याचा आढावा येथे घेतला आहे.

उद्दिष्टे ठरली ती १९७७ साली

पर्यावरण शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय इतिहास साधारणपणे १९७२च्या स्टॉकहोम परिषदेपासून सांगितला जातो. परंतु अध्यापनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना म्हणजे युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी ऑक्टोबर १९७७मध्ये तत्कालीन सोव्हिएत जॉर्जियातील तिबिलिसी येथे भरवलेली आंतरशासकीय परिषद होय. या परिषदेने पर्यावरण शिक्षणाची उद्दिष्टे पाच गटांत मांडली : जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्ये आणि सहभाग. यांपैकी कौशल्ये म्हणजे पर्यावरणीय प्रश्न ओळखण्याची व सोडवण्याची कौशल्ये, आणि सहभाग म्हणजे अशा प्रश्नांच्या सोडवणुकीत सर्व पातळ्यांवर प्रत्यक्ष भाग घेण्याची संधी, असा अर्थ परिषदेला अभिप्रेत होता. म्हणजेच प्रश्न सोडवायला शिकवणे ही अलीकडची नवी मागणी नसून या विषयाच्या पायाभरणीतच तिचा समावेश होता.

१९८७मध्ये ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची कल्पना रूढ केली. भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला बाधा न आणता आजच्या गरजा भागवणारा विकास, असा तिचा आशय होता. १९९२च्या रिओ परिषदेने ‘अजेंडा २१’च्या ३६व्या प्रकरणात शिक्षणाला तिच्याशी जोडले, २००५ ते २०१४ हे दशक संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासासाठीच्या शिक्षणाचे दशक म्हणून पाळले आणि २०१५च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ४.७ या क्रमांकाचे लक्ष्य याच शिक्षणासाठी राखले गेले. या प्रवासात विषयाचा आवाका वाढत गेला आणि निसर्गसंरक्षणाबरोबर दारिद्र्य, विषमता, उपभोग व शासनव्यवहार हेही त्यात आले. कार्यपुस्तिका आणि घोषणापत्रे वाढली, तरी वर्गातले अध्यापन मात्र बहुतेक ठिकाणी पाचांपैकी पहिल्या दोन उद्दिष्टांपाशीच थबकले.

भारतातील वाटचाल

परिसरातील खऱ्या कामातून शिकण्याचा विचार भारताला परका नव्हता. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींची नई तालीम मांडली गेली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. उत्पादक कामातून हात आणि बुद्धी यांचे शिक्षण एकत्र व्हावे, हा तिचा गाभा होता. स्वातंत्र्यानंतर ही योजना मुख्य प्रवाहाबाहेर पडली आणि शाळेतील ज्ञान व गावातील व्यवहार यांच्यातील दरी कायम राहिली.

ही दरी बुजवण्याचा एक नावाजलेला प्रयोग म्हणजे १९७२मध्ये मध्य प्रदेशातील १६ उच्च प्राथमिक शाळांत सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम होय. किशोर भारती व रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सुरू केलेला आणि पुढे ‘एकलव्य’ संस्थेने वाढवलेला हा कार्यक्रम विज्ञानाचा होता, पर्यावरणाचा नव्हे; तरीही शेत, माती, कीटक, वनस्पती हीच त्याची प्रयोगशाळा होती. पुस्तके जवळ ठेवून द्यायची लेखी परीक्षा आणि स्वतंत्र प्रात्यक्षिक परीक्षा हे त्याचे खास वैशिष्ट्य होते, कारण पाठांतर तपासणारी परीक्षा कायम ठेवून शोधक शिक्षण रुजवता येत नाही, हे त्याच्या कर्त्यांनी आधीच ओळखले होते. २००२मध्ये शासनाने हा कार्यक्रम बंद केला. महाराष्ट्रात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाने शेती, ऊर्जा, बांधकाम, आरोग्य या क्षेत्रांतील कामे करत शिकण्याची पद्धत बसवली आणि ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या अभ्यासक्रमाद्वारे ती शाळांत नेली.

पर्यावरण विषय सक्तीचा झाला तो मात्र न्यायालयाच्या वाटेने. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या निकालानंतर, आणि पुढील आदेशांनंतर, शालेय पातळीवर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २००४मध्ये अभ्यासक्रम तयार केला आणि पदवीच्या सर्व शाखांना विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम लागू केला; त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. इराक भरूचा यांनी लिहिले. या अभ्यासक्रमाच्या ५० तासिकांपैकी क्षेत्रकार्याच्या, म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाऊन करायच्या कामाच्या, वाट्याला ५ तासिका आल्या, तर १०० गुणांपैकी त्याला २५ गुण मिळाले. कागदावर ही तरतूद वाईट नव्हती. व्यवहारात मात्र अनेक ठिकाणी क्षेत्रकार्य म्हणजे एक सहल आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकमेकांकडून उतरवून घेतलेले जर्नल, असे समीकरण बनले. जर्नलातील बांधणी, सजावट आणि पानांची संख्या पाहून गुण द्यायचे ठरले की काम करण्याची गरजच उरत नाही.

२००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या ‘परिसर आणि अध्ययन’ या गटाने यावर वेगळा उपाय सुचवला. विद्यार्थ्यांनी आपापल्या परिसरातील पाणी, जमीन, वनस्पती, प्राणी यांच्या नोंदी कराव्यात आणि त्या सर्वांना खुल्या असणाऱ्या माहितीसाठ्यात जमा व्हाव्यात, म्हणजे शाळेतील प्रकल्पाला वर्गाबाहेरही उपयोग राहील, असा या सूचनेचा रोख होता. २००२च्या जैवविविधता कायद्याखालील लोकजैवविविधता नोंदवह्या हे अशा कामाचे तयार व्यासपीठ होते. तरीही शाळांच्या वेळापत्रकाशी त्यांची सांगड सर्वत्र घातली गेली नाही.

सोडवणे म्हणजे नेमके काय

गणितातील उदाहरण सोडवणे आणि नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न सोडवणे यांत मूलभूत फरक आहे. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या दोन अभ्यासकांनी १९७३मध्ये नगरनियोजनाच्या संदर्भात तो स्पष्ट केला. त्यांच्या मते सार्वजनिक जीवनातील काही प्रश्न चिवट असतात : त्यांची व्याख्या करतानाच मतभेद होतात, त्यांची उत्तरे बरोबर किंवा चूक नसून अधिक बरी किंवा अधिक वाईट असतात, आणि प्रत्येक उपाययोजना परिस्थिती कायमची बदलत असल्यामुळे चुकल्यास खोडून पुन्हा मांडण्याची सोय नसते. पर्यावरणाचे बहुतेक प्रश्न या जातीचे आहेत.

अशा प्रश्नांना हात घालण्यासाठी कोणत्या क्षमता लागतात, याची सर्वाधिक उल्लेखली जाणारी मांडणी आर्नीम वीक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११मध्ये केली. तीत पाच क्षमता आहेत. पहिली प्रणालीविचाराची, म्हणजे घटक सुटे न पाहता त्यांचे परस्परसंबंध व परिणामांची साखळी पाहण्याची. दुसरी भविष्यवेध घेण्याची. तिसरी मूल्यविवेकाची, म्हणजे कोणाचा लाभ, कोणाचा तोटा आणि न्याय्य काय, हे तपासण्याची. चौथी उपाययोजना आखण्याची. आणि पाचवी इतरांबरोबर काम करण्याची. शाळेत पहिलीचा थोडा अंश शिकवला जातो, तिसरीच्या जागी उपदेश येतो आणि उरलेल्या तीन क्षमतांना तासच नसतो.

एका गावाचे पाणी : वर्गातील मांडणी

या पाचही क्षमता एकाच प्रश्नातून कशा घडवता येतात, हे महाराष्ट्रातील पाण्याच्या उदाहरणावरून नीट समजते. राज्याच्या सुमारे ८० टक्के क्षेत्राखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. या कठीण खडकात पाणी साठते ते भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात, त्यामुळे साठा मर्यादित असतो आणि पावसाळ्यानंतर झपाट्याने उतरतो.

समजा, एका गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर, वार्षिक पाऊस ५०० मिलिमीटर आणि लोकसंख्या २,००० आहे. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी मिळते, तेव्हा गावाच्या शिवारात वर्षभरात ५० लाख घनमीटर पाणी पडते. जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटर या निकषाने गावाची वर्षाची घरगुती गरज सुमारे ४० हजार घनमीटर भरते, म्हणजे पडणाऱ्या पावसाच्या एक टक्क्याहूनही कमी. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना हा हिशेब सहज जमतो आणि त्यातून ‘पाऊस कमी म्हणून टँकर’ हे रूढ उत्तर तेथेच डळमळीत होते. पावसाचा मोठा वाटा बाष्पीभवनात व ओढ्यावाटे वाहून जातो, काही मातीत मुरून पिकांच्या कामी येतो आणि थोडाच भाग भूजलात उतरतो, हे पुढे शिकावे लागते. त्यानंतर पिकांची नोंद येते : मोकाट पाण्यावर घेतलेल्या एका हेक्टर उसाला सुमारे २० हजार घनमीटर पाणी लागते असे धरले, तर अवघ्या गावाची घरगुती गरज आणि दोन हेक्टर ऊस यांचे पाणी सारखेच ठरते. येथे प्रश्न जलविज्ञानातून निघून वाटपाच्या, म्हणजे न्यायाच्या क्षेत्रात येतो.

प्रत्यक्ष मोजणीतही शिकण्यासारखे बरेच असते. विहिरीतील पाण्याची पातळी मोजताना टेप कठड्यावरून सोडला, तर कठड्याची उंची वजा करावी लागते, नाहीतर दोन विहिरींची तुलना होत नाही. मोजणी सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी करावी लागते, कारण उपसा चालू असताना दिसणारी पातळी खडकातील पातळी नसते. आणि पर्जन्यमापकाची नोंद रोज सकाळी साडेआठलाच घ्यावी लागते, म्हणजे ती हवामान खात्याच्या नोंदींशी जुळवता येते. आकडा कसा मिळाला हे सांगितल्याशिवाय आकड्याला किंमत नाही, ही विज्ञानाची शिस्त अशा लहान गोष्टींतून अंगी बाणते. शिवाय भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी आपल्या नोंदी ताडून पाहता येतात.

यापुढचा टप्पा संस्थांचा. विलासराव साळुंखे यांनी १९७०च्या दशकात पुरंदर तालुक्यात नायगाव येथून सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीवर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरवला गेला, भूमिहीनांनाही वाटा मिळाला आणि उसासारख्या पिकांना बंदी होती. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारमध्ये पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरवले जाते. या दोन्ही ठिकाणी उपाय केवळ बंधाऱ्याचा नव्हता. तो नियमांचा आणि ते नियम पाळून घेणाऱ्या लोकांचा होता. सामायिक संसाधने लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखवले आणि त्या कार्यासाठी त्यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पर्यावरणाच्या तासाला ग्रामसभेचा विषय निघत नसेल, तर विद्यार्थ्यापर्यंत अर्धाच प्रश्न पोहोचतो.

अध्यापनाच्या पद्धती

जगभर वापरात असलेल्या पद्धतींचे स्थूलमानाने चार गट पडतात. समस्याधारित अध्ययन ही पद्धत १९६०च्या दशकाअखेर कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यक विभागात सुरू झाली. तीत आधी प्रश्न ठेवला जातो आणि तो उलगडताना लागेल ते ज्ञान विद्यार्थी मिळवतात. दुसरा गट लेखापरीक्षणाचा : दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राच्या हरित शाळा कार्यक्रमात विद्यार्थी हवा, ऊर्जा, अन्न, जमीन, पाणी आणि कचरा या सहा अंगांनी स्वतःच्याच शाळेची तपासणी करतात. प्रश्न आणि निर्णयाचा अधिकार दोन्ही शाळेच्या आवारात असल्यामुळे या पद्धतीत उपाय अमलात येण्याची शक्यता अधिक असते.

तिसरा गट खेळ व प्रतिरूपांचा. आंध्र प्रदेशातील गावांत ‘फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी’ या संस्थेबरोबर झालेल्या एका प्रयोगात शेतकऱ्यांना भूजलाचा खेळ खेळायला दिला गेला. प्रत्येक फेरीत पीक निवडायचे, त्यानुसार सर्वांची सामायिक पातळी उतरायची, आणि आधी न बोलता व नंतर आपसांत बोलून निर्णय घ्यायचे, असे त्याचे स्वरूप होते. ज्या गावांत हा खेळ व त्यावरील चर्चा झाली, तेथे पाण्याच्या नोंदवह्या ठेवण्याचे व वापराचे नियम करण्याचे प्रमाण इतर गावांपेक्षा लक्षणीय अधिक आढळले. खेळणारे प्रौढ होते. परंतु हा खेळ वर्गातही खेळता येण्याजोगा आहे.

चौथा गट समाजातील प्रत्यक्ष कामाचा. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील ग्रामीण क्षेत्रासाठीच्या तंत्रज्ञान केंद्रात, म्हणजे ‘सितारा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विभागात, अभियांत्रिकीचे विद्यार्थी काही काळ खेड्यात राहतात आणि बंद पडलेली नळयोजना का बंद पडली, यासारख्या प्रश्नांचा तपास करतात. या केंद्राशी संबंधित राहिलेले डॉ. मिलिंद सोहोनी यांनी सातत्याने मांडलेला मुद्दा असा की, प्रादेशिक महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्याचे प्रश्न हाच अभ्यासाचा विषय मानला पाहिजे. २०१६मध्ये शासनाच्या सहभागाने सुरू झालेले उन्नत महाराष्ट्र अभियान याच विचारावर उभे आहे. शहरांत कचऱ्याच्या प्रश्नावर असेच काम होऊ शकते. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला दारोदार जाऊन कचरा गोळा करतात. वर्गीकरण कुठे बिघडते, कोणत्या प्लास्टिकला भाव मिळतो आणि कोणते कोणीच घेत नाही, याचे ज्ञान त्यांच्याकडे असते आणि विद्यार्थ्याने ते त्यांच्याकडून शिकण्यात शिक्षणाची अप्रतिष्ठा नाही.

पुरावे काय सांगतात

माहिती दिली की वृत्ती बदलते आणि वृत्ती बदलली की वर्तन बदलते, या सरळ साखळीला हॅरॉल्ड हंगरफोर्ड व ट्रुडी व्होक यांनी १९९०मध्येच आव्हान दिले होते. कृतीची कौशल्ये आणि आपल्या कृतीने फरक पडतो हा विश्वास या दोहोंशिवाय ज्ञान वर्तनात उतरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. निकोल आर्डोइन व सहकाऱ्यांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यापक समीक्षेत संवर्धनाला प्रत्यक्ष हातभार लावणाऱ्या कार्यक्रमांची चार लक्षणे पुढे आली : स्थानिक प्रश्नांवर भर, शास्त्रज्ञ व संसाधन सांभाळणाऱ्या यंत्रणांशी सहकार्य, कार्यक्रमातच कृतीचा समावेश आणि परिणाम मोजण्याची जाणीवपूर्वक तजवीज. चौथे लक्षण विशेष दखल घेण्याजोगे आहे, कारण किती विद्यार्थी हजर होते आणि किती रोपे लावली याचे अहवाल बनतात, पण तीन वर्षांनी किती झाडे जगली याची नोंद क्वचितच ठेवली जाते.

आक्षेप आणि अडचणी

या दिशेवर काही गंभीर आक्षेपही आहेत. कॅनडाचे बॉब जिकलिंग यांनी १९९२मध्ये असे मांडले की, शिक्षण एखाद्या ठरलेल्या उद्दिष्टासाठी राबवले, मग ते शाश्वत विकासाचे का असेना, तर विद्यार्थ्याच्या स्वतंत्र विचाराला वाव उरत नाही. हा आक्षेप उपदेशी अध्यापनाला पूर्णपणे लागू पडतो. डेन्मार्कमधील ब्यार्न ब्रून येन्सन आणि कार्स्टन श्नाक यांच्या कृतिक्षमतेच्या मांडणीत त्याला एक उत्तर मिळते : शाळेचे काम पर्यावरणाचा प्रश्न संपवणे हे नसून विद्यार्थ्याची निर्णय घेण्याची व कृती करण्याची क्षमता वाढवणे हे आहे, त्यामुळे कृतीचे मोल तिच्यातून झालेल्या शिक्षणावर ठरते. दुसरा आक्षेप असा की, मुलांना नळ बंद ठेवायला शिकवून मोठ्या प्रदूषकांची व धोरणांची जबाबदारी झाकली जाते. तो रास्त आहे, आणि त्याचा प्रतिवाद प्रश्नाची व्याप्ती नीट मोजायला शिकवण्यानेच होऊ शकतो, कारण कोणाचा वापर किती हे आकड्यांत मांडले की जबाबदारीचे वाटेही उघड होतात. तिसरा आक्षेप वयाचा आहे. अमेरिकी शिक्षक डेव्हिड सोबेल यांनी लहान मुलांवर जागतिक संकटांचे ओझे टाकल्यास ती निसर्गापासून दुरावतात असा इशारा दिला. प्राथमिक वर्गांत परिसराची ओळख व जवळीक, माध्यमिक वर्गांत मोजणी व शोध आणि त्यापुढे सार्वजनिक प्रश्न, असा क्रम त्यामुळे योग्य ठरतो.

व्यावहारिक अडचणी याहून साध्या आहेत, पण अधिक अडवतात. पर्यावरणाचा तास बहुधा ज्याचा कार्यभार कमी भरतो त्या शिक्षकाला दिला जातो, वर्गाबाहेर पन्नास-साठ मुले नेण्याची जोखीम त्याच्या एकट्यावर येते, प्रशिक्षणात व्याख्याने असतात पण क्षेत्रकार्य नसते, आणि एखाद्या वर्गाने कारखान्याच्या सांडपाण्याची किंवा वाळूउपशाची नोंद करायची ठरवली तर व्यवस्थापनावर दडपण येऊ शकते. या अडचणींचा भार एकट्या शिक्षकावर टाकता येणार नाही. स्थानिक महाविद्यालय, ग्रामपंचायत आणि संबंधित शासकीय यंत्रणा यांनी शाळेच्या नोंदींना मान्यता दिली तरच त्या टिकतील.

निष्कर्ष

आढाव्यातून निघणारा निर्णय स्पष्ट आहे. पर्यावरणाचे प्रश्न सोडवण्याची क्षमता शिकवता येते, तिचे घटक ठाऊक आहेत, पद्धती अजमावलेल्या आहेत आणि महाराष्ट्रात तिच्यासाठी लागणारी उदाहरणेही आहेत. मुख्य अडथळा आहे तो परीक्षेचा. तोंडी परीक्षेत जर्नलाची सजावट पाहण्याऐवजी ‘हा आकडा कसा मोजला, त्यात चूक किती संभवते, तो कोणाला दाखवला आणि पुढे काय झाले’ हे चार प्रश्न विचारण्याची पद्धत पडली, तर अभ्यासक्रमात एक ओळही न वाढवता अध्यापनाचा रोख बदलू शकतो. २०२३मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी चार श्रेयांकांच्या पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा दिला आहे आणि शाळांसाठी २०२०च्या शैक्षणिक धोरणाखाली नवी पुस्तके येत आहेत. या बदलांतही क्षेत्रकार्य पूर्वीसारखेच दुय्यम राहिले, तर नव्या पुस्तकांतून जुनेच उत्तर पाठ होईल. म्हणून विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी आणि शाळांच्या मुख्याध्यापकांनी पाठ्यपुस्तक हाती घेण्याआधी मूल्यमापनाचा आराखडा बदलावा.